छर्रे पूर्वी स्वस्त होते खरे, पण कुठले छर्रे?

प्रश्न असा आलाय: घरी वडील आणि काका सांगतात की त्यांच्या वेळी एअरगन आणि छर्रे किरकोळ पैशात मिळायचे, पेठेत बंदुकीचं एक दुकान होतं तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात, आणि आता मुलीला दहा मीटर एअर रायफल सुरू करायचीय तर आकडे ऐकूनच डोळे पांढरे झाले. एवढी महागाई कशानं झाली, ती छोटी दुकानं का बसली, आणि माळ्यावर पडलेली जुनी एअरगन पोरीला सरावाला चालेल का?

मी आधी स्वतः खेळायचो आणि आता बऱ्याच वर्षांपासून जिल्ह्याच्या नेमबाजीच्या रेंजवर पोरं शिकवतो, त्यामुळे दोन्ही काळ बघितलेत. सरळ सांगायचं तर तुमचे वडील खोटं बोलत नाहीयेत, पण ते ज्या सामानाबद्दल बोलतायत ते वेगळं आणि तुम्हाला ज्याचं कोटेशन आलंय ते वेगळं. स्प्रिंगची देशी एअरगन आणि देशी छर्रे तेव्हा स्वस्त होते आणि पगाराच्या हिशेबानं आजही फार महाग नाहीत. मॅचचं, म्हणजे स्पर्धेचं, सामान तेव्हा स्वस्त वगैरे काही नव्हतं, आमच्यासारख्या गावात ते मिळतच नव्हतं, म्हणून त्याची किंमत कुणाला आठवत नाही.

आधी दुकानाचं सांगतो, कारण खरं नुकसान तिथं झालंय असं माझं मत आहे.

तालुक्याच्या गावात असं एखादंच दुकान असायचं. पुढं काचेचं कपाट, त्यात दोन-चार बारा बोअरच्या बंदुका, मागं लोखंडी जाळी आणि जाळीमागं गल्ल्यावर मालक. गिऱ्हाईक कोण, तर शेती संरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी, ऊस-भुईमुगात रानडुकरं शिरली की काडतुसं न्यायला यायचे. बँकेच्या गार्डच्या दोन नळीची साफसफाई तिथंच व्हायची. कोकणातून आलेला एखादा ठासणीची बंदूक पिशवीत गुंडाळून आणायचा, केप (बार उडवायच्या टिकल्या) आहेत का विचारायचा. आणि जत्रांचा सीझन आला की बंदुकीनं फुगे फोडायचा स्टॉल लावणारे फुगेवाले यायचे, आणि माझ्या अंदाजानं त्या फुगेवाल्यांनीच कित्येक दुकानं जगवली, कारण एकेक जण छऱ्यांचे डबे पोत्यानं न्यायचा आणि सीझन संपला की सगळ्या एअरगन स्प्रिंग बसल्या म्हणून परत दुरुस्तीला आणायचा. (जत्रेतल्या बंदुकीचं साइट, म्हणजे नेम धरायची खूण, मुद्दाम वाकवलेलं असतं हे खरं आहे, पण निम्म्या वेळा ते मुद्दाम नसून पडून-झडून वाकलेलं असतं.)

काडतुसं यायची खडकीची. पुण्याजवळची ही अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची, तिची 'शक्तिमान' बारा बोअर काडतुसं गावोगावच्या परवानेवाल्यांना तोंडपाठ होती. एलजी, एसजी, बीबी, चार नंबर असं आतल्या छऱ्यांच्या आकारानुसार मागायचं, मालक रजिस्टरात लिहायचा, परवान्याच्या मागं नोंद करून सही-शिक्का मारायचा. पण माल तुमच्या गरजेनुसार येतोय असं नव्हतं, आला तर आला. 'पुढच्या आठवड्यात या' हे वाक्य त्या धंद्याचं राष्ट्रगीत होतं. आता या वाक्याची एक दुसरी बाजू सांगतो जी कुठल्या नियमात लिहिलेली नाही. भावकीत बांधावरून वाद पेटलेला असला, एखादा कोर्टाच्या तारखेवरून तावातावानं थेट दुकानात आलेला असला, तर मालकाला ते कळायचं कारण गाव केवढंसं, आणि कपाटात माल असूनही तो शांतपणे म्हणायचा, स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात या. परवाना बरोबर, पैसे रोख, तरी माल नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि आजच्या कुठल्याही ऑनलाइन सिस्टिमला ते जमणार नाही.

एअरगनमध्ये आमच्याकडं मान होता तो 'ह्यूम पाइप'च्या बंदुकीला. इंडियन ह्यूम पाइप, वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढलेली कंपनी, मुख्य धंदा सिमेंटच्या पाइपांचा, आणि तीच एअर रायफलही बनवायची. नवख्या माणसाला हे सांगितलं की आधी हसायचा. नळी मोडून, म्हणजे मधून खाली वाकवून, भरायची बंदूक, वजनाला दणदणीत, एकदा घेतली की पोराच्या पोरापर्यंत चालणारी. तिचा सगळा जीव पिस्टनवरच्या वॉशरमध्ये. तो वॉशर सुकला की हवा बाजूनं निसटते आणि छर्रा पुठ्ठ्यातसुद्धा जाईनासा होतो. दुकानाच्या मागं मिस्त्री बसायचा, तो बंदूक खोलून स्प्रिंग शिकंज्यात दाबून काढायचा (स्प्रिंग हातानं सोडली तर तोंड फुटतं), चामड्याचा नवा वॉशर कापायचा, तो रात्रभर तेलात बुडवून ठेवायचा आणि सकाळी अंगठ्यानं दाबत दाबत पिस्टनवर कपासारखा बसवायचा. कडा सगळीकडं सारखी वळली पाहिजे, एका बाजूला चुणी राहिली की काम वाया. मग एक बार काढून नळीपुढं तळहात धरल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, आली बघा जानमध्ये. (तळहाताचं तुम्ही करू नका, पोरांना तर अजिबात दाखवू नका.) या कामाचे पैसे एवढे कमी घ्यायचा की विचारायला लाज वाटायची. आज हे काम करणारा मिस्त्री शोधायला मला दोन जिल्हे फोन फिरवावे लागतात.

आता छर्रे. स्वस्त होते, शंभर छऱ्यांची डबी पोराच्या खाऊच्या पैशातही यायची, पण माल कसा होता हेही सांगायला हवं. छऱ्याचा मागचा घागऱ्यासारखा भाग, ज्याला आम्ही स्कर्ट म्हणतो, तो डबीत आदळून चेपलेला असायचा, काहींना साच्याची रेघ, काहींवर शिशाची पूड. एका डबीतले छर्रे एका वजनाचे नसायचे. मग जिल्हा स्पर्धेच्या आधी आम्ही काय करायचो, खिडकीची काच जरा तिरपी ठेवून एकेक छर्रा वरून सोडायचो. चांगला छर्रा ठरावीक वळण घेऊन जातो, चेपलेला भलतीकडंच भरकटतो, भरकटलेले सगळे सरावाच्या डब्यात. उरलेले घेऊन ओळखीच्या सोनाराकडं. मॅच रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो, तिथं शंभरावा भाग दाखवणारा काटा सोनाराशिवाय कुणाकडं असणार? संध्याकाळी गिऱ्हाईक नसताना तो करू द्यायचा, त्यालाही मजा वाटायची. एका डबीतून मॅचच्या लायकीचे जेवढे निघायचे ते बघता तो छर्रा खरंच स्वस्त पडायचा का? पैशानं हो, वेळाच्या हिशेबानं मुळीच नाही. पण त्या वयात वेळ फुकट होता.

कार्डांचंही, म्हणजे ज्यावर नेम मारायचा त्या कागदी टार्गेटचंही, तसंच. दहा मीटर रायफलच्या कार्डावर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे बॉलपेननं टेकवलेल्या टिंबाएवढा, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. मॅचला एका कार्डावर एकच गोळी, पण सरावात आम्ही एकेका कार्डावर पाच-पाच मारायचो, मग कार्ड उलटं करून मागून परत. चरखी फिरवून कार्ड जवळ आणायचं, भोकात गेज घालून भिंगातून बघायचं, नऊ की दहा यावर भांडायचं. आता इलेक्ट्रॉनिक टार्गेट आहे, स्क्रीनवर लगेच १०.४ येतं, भांडण संपलं. कार्डाचा खर्च गेला पण मशीनचा आला, तो तुम्ही रेंजच्या फीमधून भरता.

आणि इथंच महागाईचं खरं कारण आहे, जे दुकानदारात नाही आणि सरकारातही पूर्ण नाही, ते खेळाच्या नियमात आहे. २०१३ पासून एअर रायफलच्या क्वालिफिकेशनलाही दशांशात गुण मोजतात. आधी दहाला लागली की दहा, ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा. आता १०.१ आणि १०.८ यात फायनलला जाणं किंवा घरी येणं एवढा फरक पडतो. म्हणून मग छऱ्याच्या लॉटचं टेस्टिंग आलं, छर्रा ४.४९ मिलिमीटरचा की ४.५० चा हे बघणं आलं, जर्मनीचे आरडब्ल्यूएस आर टेन, एच अँड एन हे प्रत्येक पोराच्या बॅगेत आले. पुढं २०१८ पासून मुलींच्या मॅचमध्येही ४० ऐवजी ६० गोळ्या झाल्या, जे व्हायलाच पाहिजे होतं, पण सरावाचा खप त्या हिशेबानं दीडपट वाढला. आता गणित करा. रोज शंभर गोळ्यांचा सराव धरला तर ५०० छऱ्यांची डबी पाच दिवसांत संपते, महिन्याला सहा डब्या, आणि चांगल्या मॅच छऱ्याची डबी हजाराच्या वरच जाते. त्यात माल युरोत. युरो चलनात आला तेव्हा चाळीस-पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता, आज शंभरच्या घरात आहे, म्हणजे जर्मनीत एक पैसा न वाढता आपल्याकडं भाव दुप्पट झाला असता, आणि तिकडंही वाढलाच आहे.

पॉइंट टू टू वाल्यांचं, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाची रायफल मारणाऱ्यांचं, दुखणं याहून मोठं. तिथं एली, लापुआ, आरडब्ल्यूएस हीच नावं, परदेशातूनच येणार, परवाने आणि कोट्यातून येणार, रिनाउन्ड शॉटचा (नामांकित नेमबाजाचा) दर्जा असेल तर मार्ग मोकळा नाहीतर असोसिएशनच्या दारात. २०२० च्या कोविडमध्ये जगभर काडतुसांचा तुटवडा पडला, तो सावरतोय तोवर २०२२ ला युक्रेनचं युद्ध, कारखाने लष्करी मालाकडं वळले. त्याच पॉइंट टू टू मध्ये आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनी २०१० साली म्युनिकला प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली, आणि कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं. लोक पदक बघतात, मला त्यामागं रिकाम्या झालेल्या काडतुसांच्या पेट्या दिसतात. तुमच्या मुलीला इतक्यात तिकडं जायचं नाही, म्हणून हे इथंच सोडतो.

दुकानं का बसली? पहिला घाव १९७२ चा, वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचं गिऱ्हाईक संपलं. कायदा बरोबरच होता, पण गल्ल्यावरचा मोठा हिस्सा गेला. ऐंशीच्या दशकात सर्वसामान्य परवानेवाल्यांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली, मग नवीन विकायला काय, तर ऑर्डनन्सची (सरकारी शस्त्र कारखान्यांची) मोजकी मॉडेलं आणि जुन्या इंग्लिश बंदुकांची फेरविक्री, जी दरवर्षी महाग होत गेली कारण नवीन येतच नव्हत्या. नवे परवाने आटले. आजोबा गेले की नातवाला बंदूक नको, तो म्हणतो पोलीस स्टेशनला जमा करून टाका. २०१६ ला नवे शस्त्र नियम आले, कागद वाढले. २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं झालं (खेळाडूंना वेगळी सवलत आहे), तिसरी वर्षभरात जमा करा किंवा विका. त्या वर्षी जुन्या बंदुका विकायला जो तो निघाला आणि घ्यायला कुणी नाही. शेवटी शेवटी तर काही दुकानं फक्त जमा शस्त्रांच्या भाड्यावर चालली होती. निवडणूक लागली की शस्त्रं जमा करायची असतात, काही जण ती डीलरकडं ठेवतात, तेवढीच आवक. बापानं एवढं सांभाळलं, पोरगा इंजिनीअर होऊन हिंजवडीला गेला, जाळी काढली, शटर भाड्यानं दिलं. संपलं.

आणि एअरगनचं गिऱ्हाईक कंपनीनंच थेट घेतलं. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या प्रिसिहोलसारख्या कंपनीची एअर रायफल आता घरी कुरिअरनं येते, आणि खरं बोलायचं तर नळी जुन्या दुकानातल्या बहुतेक एअरगनपेक्षा सरस असते. फक्त बिघडली की मिस्त्री नाही, व्हिडिओ आहे.

आता थोडं उलटंही बोलतो, कारण आठवणीत सगळं गोडच होत जातं. त्या दुकानांतून पोरांना एअरगन विकली जायची आणि पोरं पोपट, होले, बगळे पाडायची, कुणी काही म्हणायचं नाही. हे तेव्हाही चूक होतं आणि आज तर सरळ गुन्हा आहे. बिल मागितलं की मालक तोंड वाकडं करायचा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्या काउंटरवर मी कधी मुलगी एकटी आलेली बघितली नाही, आली तर वडिलांच्या मागं उभी. राही सरनोबत, अंजली भागवत, सुमा शिरूर ही नेमबाजीतली नावं तयार झाली ती रेंजवर आणि क्लबात, दुकानात नाही. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीला रेंज झाली तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्रातल्या पोरांना जे मिळालं ते शंभर दुकानांनी दिलं नसतं. तेव्हा मला दुकान परत हवंय का, तर उधारी, सुटा माल आणि मागचा मिस्त्री हवाय, बाकीचं ठेवा.

तुमच्या मुलीचं बोलू. पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नका. क्लबची रायफल, क्लबचं जॅकेट, फक्त छर्रे तुमचे, तेही आर टेन नकोत. आरडब्ल्यूएस बेसिक किंवा हॉबी, नाहीतर एच अँड एनचे सरावाचे साधे छर्रे भरपूर झाले, कारण या टप्प्यावर तिची चूक छऱ्याच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठी असते. निम्मा सराव छऱ्याशिवाय होतो, ज्याला ड्राय फायरिंग म्हणतात, मॅच रायफलला त्याची वेगळी सोयच असते, ट्रिगर सुटतो पण हवा सुटत नाही. उभं राहणं, श्वास, ट्रिगर, सुटल्यानंतरही साइटमध्ये थांबून राहणं, हे सगळं फुकटात शिकता येतं. कोच ड्राय फायरिंग करून घेत नसेल आणि पहिल्याच महिन्यात रायफल घ्या म्हणून मागं लागला असेल तर कोच बदला, मी हे बिनधास्त सांगतो. जॅकेट-ट्राउझर उशिरा शिवा, या वयात पोरी वर्षात दोन इंच वाढतात.

पुढं रायफल घ्यायचीच झाली तर नवी फाइनवेर्कबाऊ किंवा वाल्थर अडीच-तीन लाखांच्या पुढं जाते, म्हणून सगळे सेकंडहँडकडं वळतात. घ्या, पण मॅच रायफल ज्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालते त्याच्यावरची तारीख आधी बघा. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि कंपनी साधारण दहा वर्षांचं आयुष्य देते. मुदत संपलेला सिलिंडर मोठ्या स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलला (सामान तपासणीला) अडवतात, आणि अडवला नाही तरी दोनशे बारचा दाब गालाशी धरून उभं राहायचं असतं हे लक्षात घ्या. विकणारा नळी दाखवतो, ट्रिगर दाखवतो, पॉलिश दाखवतो, सिलिंडर मात्र हातात धरून तारखेवर अंगठा ठेवून उभा असतो. नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतून वजा करायला लावा.

राहिली माळ्यावरची एअरगन. ०.१७७ इंची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची, असेल आणि ताकद वीस ज्युलच्या आत असेल तर परवाना लागत नाही, त्याहून मोठा बोअर किंवा जास्त ताकद असेल तर लागतो. (२०१६ च्या आधी याची परीक्षा पाच फुटांवरून एक इंच जाडीच्या फळीवर छर्रे मारून घ्यायची पद्धत होती, आता ज्युलवर आलंय.) ती स्पर्धेला चालणार नाही, साइट वेगळं, वजन वेगळं, झटका वेगळा. पण घरी साइट लावून शांतपणे एकेक गोळी मारायची सवय लावायला वाईट नाही. फक्त एवढं करा. मॅच रायफलसारखं हिला रिकामी झाडू नका, स्प्रिंगची बंदूक छऱ्याशिवाय झाडली की पिस्टन पुढं आपटतो आणि वॉशर-स्प्रिंग दोन्ही जातात. घरातलं मशीन ऑइल नळीच्या तोंडातून ओतू नका, पिस्टनपुढं तेल गेलं की दाबानं पेट घेतं, फट्टकन आवाज आणि धूर येतो, पोरांना मजा वाटते पण बंदुकीचं वाटोळं होतं. छर्रा भरताना खाली वाकवलेली नळी एका हातानं घट्ट धरून ठेवायची, चाप चुकून सुटला तर नळी वर येऊन बोटं चेचते. दगडी भिंत, पत्रा, लोखंडी पाटी यावर मारायचं नाही, शिसं उलटं येतं, खोक्यात जुन्या जाड वह्या आणि चिंध्या गच्च भरून त्यावर कार्ड लावा, मागं पक्की भिंत हवी, दार किंवा खिडकी नको. आणि भरायला सोपं पडावं म्हणून छर्रे ओठात धरायची आमच्या पिढीची घाणेरडी सवय होती, ती वडिलांनी तिला शिकवली असेल तर आजच मोडा, ते शिसं आहे, सराव झाला की हात साबणानं धुवायचे आणि मगच जेवणाच्या डब्याला हात लावायचा.